दमट हवेतल्या सीडी आणि फुकट मिळणारे प्रोग्राम: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

कोकणातल्या घरांत अजूनही सीडींचे डबे सापडतात. डबलबारीची भजनं, दशावतारी नाटकं, नमन, जाखडी, गणपतीच्या आरत्या, नाट्यगीतं, आणि मध्येच वाडीतल्या भजनी मंडळाची कुणीतरी घरीच भरून घेतलेली एखादी सीडी. यातली सिनेमाची गाणी आज मोबाइलवर कुठेही मिळतात. एखाद्या बुवांचं भजन मात्र जगात त्या एकाच चकतीवर असू शकतं, आणि ती चकती आपल्या हवेत फार वर्षं टिकणारी नाही.

हा आवाज संगणकावर नीट उतरवून घ्यायचा कसा आणि त्यासाठी कोणता मोफत प्रोग्राम निवडायचा, हे ज्यांनी कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. प्रोग्रामचं रूप, त्याचा वेग, त्यात किती बटणं आहेत हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न एकच: सीडी बरोबर वाचली गेली की नाही, हे तो तुम्हाला खरंखरं सांगतो का? जो सांगत नाही तो कितीही सोपा असला तरी आपल्या कामाचा नाही.

पहिली पायरी: सीडी कसली आहे ते ओळखा

दिसायला सगळ्या चकत्या सारख्याच असतात, आत मात्र तीन वेगळ्या गोष्टी असतात. सीडी संगणकात घाला आणि तिच्यातल्या फायली उघडून बघा.

फायलींच्या नावापुढे 'एमपी३' दिसलं तर रिपिंगची, म्हणजे सीडीतला आवाज प्रोग्रामने वाचून फाइल बनवण्याची, गरजच नाही. बाजारात पन्नास-शंभर गाण्यांच्या म्हणून मिळायच्या त्या सीडी याच जातीच्या. सगळ्या फायली निवडा, संगणकावर कॉपी करा, झालं काम.

'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात 'डॅट' फायली दिसल्या तर ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी. दशावताराच्या कितीतरी चकत्या अशाच आहेत. या मोठ्या फायली संगणकावर ओढून घ्या. कॉपी करताना चूक दाखवून थांबलं तर व्हीएलसी या मोफत प्रोग्रामात चकती उघडून 'कन्व्हर्ट' करून पाहा. नाटकाचं चित्रही हवंच असतं, त्यामुळे नुसता आवाज वेगळा काढण्याच्या मागे लागू नका.

'ट्रॅक०१' असं नाव आणि पुढे 'सीडीए' असेल तर ती खरी ऑडिओ सीडी, आणि पुढचा सगळा लेख तिच्यासाठी आहे. इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्या 'सीडीए' फायली पेनड्राइव्हवर ओढतो, क्षणात कॉपी झाल्या म्हणून खूश होतो, आणि नंतर त्यातून काहीच वाजत नाही. त्या प्रत्येक फाइलचा आकार जेमतेम ४४ बाइट असतो. त्यात गाणं नसतं. चकतीवर गाणं कुठे सुरू होतं एवढीच नोंद विंडोज तिथे दाखवत असतं. गाणं काढायला वेगळा प्रोग्रामच लागतो.

दुसरी पायरी: कोणती सीडी आधी

डब्यात वर आहे ती आधी, असं करू नका. ज्याची दुसरी प्रत मिळणं शक्य नाही ते सर्वांत आधी: घरी किंवा छोट्या स्टुडिओत भरलेल्या सीडी, लग्नामुंजीतलं गाणं, आजोबांचं कीर्तन, गावच्या मंडळाची भजनं. त्यानंतर छोट्या कंपन्यांनी काढलेल्या आणि आता दुकानांतून नाहीशा झालेल्या सीडी. सिनेमाची गाणी शेवटी.

घरी भरलेल्या सीडीला प्राधान्य देण्याचं आणखी एक कारण आहे. कारखान्यात छापलेल्या सीडीत आवाज प्लास्टिकमध्ये दाबून उमटवलेला असतो. घरी भरलेल्या सीडीत तो एका रंगद्रव्याच्या थरावर लेसरने नोंदवलेला असतो, आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. चकाकणारा धातूचा थर तर दोन्हींत असतो. चकतीच्या कडेने किंवा लेबलच्या ओरखड्यातून हवा आत गेली की हा थर गंजू शकतो. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या उष्ण, दमट देशातल्या एका सीडीत बुरशीने थेट आतला थर खाल्ल्याचं संशोधकांनी दाखवलं होतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारा वारा. कपाटातल्या चपलांवर जी बुरशी धरते ती सीडीच्या डब्यातही शिरते.

म्हणून हे काम मार्च ते मे या महिन्यांत, आगोटीच्या आधी उरकलेलं बरं. फक्त सुकट, कोकमं, पापड यांच्याबरोबर सीडी अंगणात उन्हात टाकू नका. दमट वाटल्या तर सावलीत, वाऱ्यावर, लेबल खाली न टेकवता थोडा वेळ ठेवा.

तिसरी पायरी: ड्राइव्ह आणि साफसफाई

नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा लागतो. महागातलाच हवा असं काही नाही. काही ड्राइव्हना एका यूएसबीची वीज पुरत नाही, त्यांच्या वायरला दोन पिना येतात. त्या दोन्ही लावा, नाहीतर मध्येच ड्राइव्ह बंद पडतो आणि दोष सीडीवर जातो. एखाद्या जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्ह मिळाला तर तोही जपून ठेवा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसरा सहज वाचतो, असं बऱ्याचदा होतं.

लाइट जाण्याचं आपल्याकडे नवल नाही, तेव्हा बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप या कामाला डेस्कटॉपपेक्षा बरा.

सीडी पुसताना मऊ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो गाण्याच्या दिशेनेच जातो आणि सलग बराच भाग खराब करतो. आडवा ओरखडा ड्राइव्ह बऱ्यापैकी सांभाळून घेतो. बुरशी किंवा चिकटपणा असेल तर साध्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मग स्वच्छ पाणी, मग सावलीत सुकवणं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन, पेट्रोल असलं काही लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

आणि जपायची बाजू कोणती याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. चमकती बाजू सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या प्लास्टिकने झाकलेली असते. गाणं असतं ते लेबलच्या अगदी लगत, लाखेच्या पातळ थराखाली. म्हणून लेबलच्या बाजूने बॉलपेनने लिहिणं, स्टिकर लावणं आणि लावलेला स्टिकर ओढून काढणं हे सर्वांत घातक. सीडी दिव्यासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे, आणि तो कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही.

चौथी पायरी: प्रोग्राम निवडणे

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण निवड यावरच ठरते.

ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली ती घरातल्या प्लेअरवर वाजवण्यासाठी. संगणकाचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. तिच्यात एका सेकंदाचा आवाज ७५ तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकडा २३५२ बाइटचा असतो. पुढे संगणकासाठी डेटा सीडी आली तेव्हा तेवढ्याच तुकड्यात फक्त २०४८ बाइट माहिती ठेवून उरलेली जागा चुका शोधायला आणि दुरुस्त करायला दिली गेली. ऑडिओ सीडीत चूक दुरुस्तीचं हे जादा कवच नाही. त्यामुळे डेटा सीडी खराब असली तर संगणक तुम्हाला चूक झाल्याचं सांगतो, पण ऑडिओ सीडी खराब असली तर ड्राइव्ह बरेचदा आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भोक बुजवतो आणि गप्प बसतो. पखवाजाच्या बोलात एखादी टिचकी येते, बुवांचा सूर क्षणभर बोथट होतो, आणि पहिल्यांदा ऐकताना ते कळतही नाही.

म्हणून चांगला प्रोग्राम तोच, जो एकदा वाचून समाधान मानत नाही. तो तोच भाग पुन्हा वाचतो, दोन वाचनं ताडून बघतो आणि शेवटी लेखी अहवाल देतो.

आता एकेक नाव घेऊ.

विंडोजमध्ये आधीपासून असलेला मीडिया प्लेअर सीडी रिप करतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही. विंडोज १० पासून त्यात फ्लॅकही (आवाज जसाच्या तसा ठेवणारा फाइलप्रकार) आहे. स्वच्छ, नवी कोरी सीडी असेल आणि ती दुसरीकडेही मिळत असेल तर तो चालेल. पण कुठे अडखळलं याचा हिशोब तो देत नाही. जुन्या संगणकावरच्या आवृत्तीत 'कॉपी प्रोटेक्ट म्युझिक' अशी खूण असायची. ती असेल तर आधी काढा, नाहीतर गाणी त्याच संगणकाला कुलूपबंद होतात.

फ्रीॲक हा नवख्यासाठी माझ्या मते सर्वांत योग्य. पूर्णपणे मुक्त स्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, पडदा साधा: वर गाण्यांची यादी, एक बटण, काम सुरू. आत शिरलात तर काळजीपूर्वक पुन्हा-पुन्हा वाचण्याची सोयही आहे. शोधताना त्याचं नाव एफ-आर-ई, मग दोन टिंबांचा अपूर्णविराम, मग ए-सी असं लिहितात. पहिल्या पाच-दहा सीडी यावर करा, हात बसेल.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, फक्त विंडोजसाठी. वैयक्तिक वापराला फुकट, पण स्रोत खुला नाही. रूप जुनाट आहे आणि पहिल्यांदा बघून माणूस बिचकतो. तरीही ज्या सीडीची दुसरी प्रत नाही ती मी यानेच वाचेन, आणि तुम्हीही वाचावी असं मनापासून सांगेन. याची सुरक्षित पद्धत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचते. न जुळल्यास तोच तुकडा १६ वेळा वाचून त्यातली ८ वाचनं एकसारखी आली तरच ते खरं मानते. नाही आली तर पुन्हा नवा प्रयत्न. तरीही जमलं नाही तर नेमक्या कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला शंका आहे ते लिहून देते.

क्यूरिपर हा क्यूटूल्स या मुक्त संचातला प्रोग्राम. ईएसीपेक्षा कमी प्रश्न विचारतो, आणि त्याच्या मागे एक सामायिक नोंदवही आहे. तुमच्याकडची सीडी दुसऱ्या कुणी आधी वाचून तिथे नोंदवली असेल तर लहानसहान बिघाड त्या नोंदीवरून दुरुस्तही होतो. मोठ्या कंपन्यांच्या सीडींना याचा उपयोग खूप. आपल्या भजनी मंडळाच्या सीडीला मात्र नाही, कारण ती तिथे कुणी नोंदवलेलीच नसते.

मॅकवर एक्सएलडी घ्या, दुसरं काही शोधू नका. लिनक्सवर असंडर सोपा आहे, आणि आज्ञा टाइप करायला न घाबरणाऱ्यांसाठी व्हिपर.

कोणताही प्रोग्राम उतरवताना तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात सर्वांत वर येणाऱ्या पानांवर मोठी हिरवी 'डाउनलोड' बटणं असतात ती बहुधा जाहिरातींची. बसवताना प्रत्येक पडद्यावरचं वाचा. ब्राउझरची पट्टी, 'संगणक वेगवान करणारं' काहीतरी असं सोबत येऊ पाहत असेल तर खूण काढा, आणि खूण काढता येत नसेल तर तो प्रोग्रामच सोडून द्या. वर सांगितलेल्या नावांपैकी कशालाही पैसे भरावे लागत नाहीत. पैसे मागणारा पडदा आला तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात असं समजा.

पाचवी पायरी: फाइल कोणत्या प्रकारची

यावर फार वेळ घालवू नका. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा.

फ्लॅकमध्ये आवाजाचा एक कणही गळत नाही, फक्त जागा कमी लागते. तासाभराच्या सीडीची वेव्ह (अजिबात न दाबलेली) फाइल सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅक साधारण त्याच्या निम्मी किंवा थोडी अधिक. म्हणजे दोनशे सीडी ७०-८० जीबीत बसतात. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं. त्यातून फ्लॅक परत करता येत नाही, उलट फ्लॅकमधून एमपी३ हवं तेव्हा काढता येतं.

गाडीतल्या प्लेअरला, मंडळाच्या साउंड सिस्टिमला, आईच्या छोट्या रेडिओला फ्लॅक कळेलच असं नाही. त्यांच्यासाठी फ्रीॲकमधूनच एमपी३ची वेगळी प्रत करा. लेम या एमपी३ बनवणाऱ्या एन्कोडरची 'व्ही०' किंवा 'व्ही२' पातळी निवडा; भजनाच्या सीडीला व्ही२ भरपूर झालं.

डबलबारीसारख्या सलग कार्यक्रमाची आणखी एक अडचण असते. रूपावली, अभंग, गौळण, गजर असे भाग एकाला एक जोडून येतात, मध्ये शांतता नसते. एमपी३त काही प्लेअर दोन फायलींच्या सांध्यावर किंचित थांबतात आणि गजर रंगात आलेला असताना तो झटका कानाला खुपतो. फ्लॅकमध्ये असं सहसा होत नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष काम, ईएसीवर

ईएसी पहिल्यांदा सुरू केलात की तो स्वतःच प्रश्न विचारत जातो. ड्राइव्ह निवडा. 'अचूक निकाल' हवा की 'वेग', असं विचारेल तिथे अचूक निवडा. मग तो ड्राइव्हची चाचणी घेतो; त्यासाठी ओरखडे नसलेली एखादी चांगली सीडी आत घालून ठेवा. फ्लॅक निवडा. नवखा की जाणकार, या प्रश्नाला नवखा म्हणा.

ॲक्युरेटरिप नावाच्या जागतिक नोंदवहीशी ड्राइव्ह जुळवून घ्यायला एखादी भरपूर खपलेली सीडी लागू शकते. प्रत्येक ड्राइव्ह गाण्याची सुरुवात किंचित पुढे-मागे धरतो, तो फरक अशा ओळखीच्या सीडीवरून मोजला जातो. मोठ्या कंपनीची, सिनेमाच्या गाण्यांची कोणतीही लोकप्रिय सीडी घालून पाहा. जुळली नाही तरी अडून बसू नका, पुढे चला.

आता मुख्य सीडी घाला. गाण्यांची यादी दिसेल, नावं बहुधा 'ट्रॅक०१' अशीच. नावं याच टप्प्यावर भरा (कशी, ते पुढे आहे). सगळी गाणी निवडा आणि 'ॲक्शन' मेनूत 'टेस्ट अँड कॉपी सिलेक्टेड ट्रॅक्स', त्यात 'कॉम्प्रेस्ड'.

नुसतं 'कॉपी' न घेता 'टेस्ट अँड कॉपी' का, हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या सीडींसाठी हाच सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. मुंबई-पुण्यात खपलेल्या सीडीची नोंद ॲक्युरेटरिपमध्ये सापडू शकते, त्यामुळे आपलं वाचन बरोबर आहे की नाही ते इतरांशी ताडता येतं. कणकवली-सावंतवाडीकडच्या स्थानिक सीडीची नोंद तिथे नसणार. मग ताडायचं कशाशी? आपल्याच दुसऱ्या वाचनाशी. 'टेस्ट अँड कॉपी' गाणं पूर्ण एकदा वाचून त्यावरून एक आकडा काढतो, मग पुन्हा पूर्ण वाचून दुसरा आकडा काढतो. याला सीआरसी म्हणतात. दोन्ही आकडे अक्षर-न-अक्षर सारखे आले तर गाणं बरोबर उतरलं असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. एका अंकाचाही फरक असेल तर कुठेतरी वाचन चुकलं आहे. वेळ दुप्पट लागतो. लागू द्या.

काम संपल्यावर अहवाल येतो. प्रत्येक गाण्याखाली 'कॉपी ओके' आणि शेवटी 'नो एरर्स ऑकर्ड' असेल तर सीडी झाली. 'सस्पिशस पोझिशन' असं लिहून वेळ दिला असेल तर गाणं तिथे नेऊन हेडफोन लावून ऐका. 'ॲक्युरेटरिपमध्ये नोंद नाही' अशा अर्थाची ओळ दिसली तर घाबरू नका, ती तुमच्या सीडीची चूक नव्हे. हा अहवाल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा. पाच वर्षांनी कुठे टिचकी ऐकू आली तर ती मूळ सीडीतच होती की नंतर फाइल बिघडली, हे त्यावरूनच कळेल.

सातवी पायरी: नावं

सीडीत गाण्याचं नाव बहुधा नसतंच. प्रोग्राम चकतीवरच्या गाण्यांच्या लांबीवरून ती ओळखतो आणि म्युझिकब्रेन्झसारख्या मुक्त नोंदवहीतून नावं आणतो. स्थानिक सीडीच्या बाबतीत एकतर काहीच येत नाही, किंवा योगायोगाने लांबी जुळणाऱ्या कुठल्यातरी परदेशी सीडीची नावं येतात. आलेली नावं न बघता स्वीकारू नका.

नावं स्वतः भरा, देवनागरीत भरा. फ्लॅकमध्ये देवनागरी पूर्ण चालते. कलाकाराच्या जागी बुवांचं नाव, अल्बमच्या जागी सीडीवरचं शीर्षक, आणि शेऱ्याच्या जागी बाकी सगळं: पखवाजवादक कोण, तबल्याला कोण, झांजेला कोण, कोणत्या गावातला कार्यक्रम, कोणता उत्सव, साल. सीडीच्या आतल्या कागदावर ही नावं बारीक अक्षरात असतात आणि तो कागद सीडीच्याही आधी कुजतो. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. घरी भरलेल्या सीडीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ती ज्येष्ठांना ऐकवा आणि आवाज कुणाचा ते विचारून लिहून घ्या. हे काम लांबणीवर टाकू नका. सांगणारी माणसं नेहमी राहत नाहीत.

मागाहून दुरुस्ती करायची झाली तर विंडोजवर एमपी३टॅग किंवा सगळीकडे चालणारा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा. दोन्ही विंडोजवर फुकट आहेत. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून एमपी३च्या प्रतीत नावं रोमन लिपीत ठेवली तरी चालेल. मूळ फ्लॅकमध्ये मात्र देवनागरीच.

सीडी बाजारात प्रसिद्ध झालेली असेल तर तिची नोंद म्युझिकब्रेन्झवर स्वतः करा. खातं मोफत असतं. पुढच्या वेळी गुहागरला किंवा वेंगुर्ल्याला कुणी तीच सीडी घालेल तेव्हा त्याला नावं आपोआप मिळतील.

सीडी वाचतच नसेल तर

क्रमाने करा: पुन्हा पुसा, वाचनाचा वेग कमी ठेवा, दुसरा ड्राइव्ह वापरा. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या ड्राइव्हच्या भिंगावर दमट हवेत वाफ धरते. अर्धा तास थांबून बघा. सगळी सीडी बिघडली असली तरी चांगली गाणी आधी काढून घ्या आणि वाईट गाणं शेवटी एकटं घ्या. एकाच गाण्यावर ईएसी तासभर झगडत राहिला तर ड्राइव्ह तापतो, त्याला विश्रांती द्या. एवढं करूनही काही ठिकाणी टिचकी राहिली तर ती तशीच ठेवा, पण अहवाल सोबत असू द्या. खरवडलेलं भजन अजिबात नसलेल्यापेक्षा कितीतरी बरं.

आठवी पायरी: प्रती कुठे ठेवायच्या

एक प्रत संगणकावर आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, हे तर आहेच. पण दोन्ही एकाच घरात असतील तर ती अर्धीच तयारी. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी घराघरात शिरलं, त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावरची छपरं उडवली. एक प्रत गावाबाहेर हवी. आपल्याकडे याची सोय बसल्याजागी आहे: गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या हातात एक हार्ड डिस्क द्या आणि ती मुंबईच्या घरी ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी येताना ती परत आणायची, नव्या सीडी भरायच्या, पुन्हा न्यायची. पेनड्राइव्ह ही गाडीत वाजवायची वस्तू आहे, तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नका.

मूळ सीडी फेकून देऊ नका. पुसून, कव्हरमध्ये घालून, उभ्या ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.

वाटताना

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी वाजवी वापराची मुभा आहे, आणि विकत घेतलेली सीडी स्वतःला ऐकण्यासाठी संगणकावर घेणं हा तसाच वापर. तीच गाणी यूट्यूबवर चढवणं किंवा व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं ही वेगळी गोष्ट. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे सीडीच्या काळातलं जवळपास सगळं अजून कुणाच्या तरी मालकीचं आहे. स्थानिक मंडळाचं ध्वनिमुद्रण असेल तर बुवांना किंवा मंडळाच्या लोकांना आधी विचारा. त्यांच्याकडची स्वतःची प्रत कदाचित केव्हाच खराब झालेली असेल. तुमची फ्लॅक, अहवाल आणि कव्हरच्या फोटोंसकट त्यांना एका पेनड्राइव्हवर भरून द्या, आणि सार्वजनिक करायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.